खाटेखालचं पोतं

रामाजीच्या छातीच्या खाली आणि पोटाच्या वर जी आग होत असे, तिला तालुक्याच्या मूल गावातल्या डॉक्टरनं पित्त म्हटलं आणि सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या. डॉक्टर बिचारा बाहेरगावचा. ही आग तिखट खाल्ल्यानं होत नाही, इस्तारीचं नाव निघालं की होते, आणि पन्नास वर्षांहून जास्त काळ होते आहे, हे त्याला कोण सांगणार? रामाजीनं गोळ्या इमानेइतबारे खाल्ल्या. आग होती तिथंच राहिली.

इस्तारी हा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, राहणारा धीवर, आणि रामाजी खालच्या अंगाच्या बौद्ध वस्तीतला. दोघं एकाच साली जन्मले, एकाच तलावात पोहायला शिकले आणि एकाच दिवशी नागपूरला जाऊन फौजेत भरती झाले. भरतीची कल्पना रामाजीची होती. एकट्याला भीती वाटत होती म्हणून त्यानं इस्तारीला सोबत नेलं. तिथं छाती मोजायची वेळ आली तेव्हा पाण्यात बुड्या मारून तयार झालेली इस्तारीची छाती फुगता फुगता थांबेना. मोजणारा हवालदार त्याला म्हणाला, "शाबास!" रामाजीला नुसतं म्हणाला, "अगला." तेव्हापासून जे सुरू झालं ते सुरूच आहे.

एकाहत्तरची लढाई लागली. इस्तारी पश्चिमेच्या सीमेवर होता. तो पकडला गेला आणि एक वर्ष तिकडच्या कैदेत राहिला. रामाजीच्या वाट्याला लढाई आलीच नाही. ती संपल्यावर शरण आलेले हजारो पाकिस्तानी सैनिक इकडे ठिकठिकाणी छावण्यांत ठेवले होते, तशा एका छावणीवर त्याची पहाऱ्याला नेमणूक झाली. एकाच गावचे दोन जवान, एक कैदी आणि एक कैद्यांचा राखणदार. सत्कार कोणाचा झाला असेल, सांगा बरं?

बहात्तरचा डिसेंबर होता. दोन्ही देशांनी सीमेवर पकडलेले कैदी एकमेकांना परत केले आणि इस्तारी घरी यायला निघाला. योगायोग असा, की रामाजीलाही त्याच आठवड्यात रजा मिळाली आणि चंद्रपूरला दोघं एकाच बसमध्ये चढले. मूलच्या स्टँडवर बस थांबली तर ही गर्दी! डफडी, हार, गुलाल. लोकांनी इस्तारीला खिडकीतूनच बाहेर ओढायचं बाकी ठेवलं. रामाजी मागून उतरला तेव्हा कोणीतरी त्याच्या हातात लोखंडी पेटी दिली आणि म्हणालं, "इस्तारीची हाय, नीट आनजो." सरकारी वर्दीतला रामाजी इस्तारीची पेटी डोक्यावर घेऊन मिरवणुकीच्या मागे मागे गावापर्यंत चालत आला. अर्ध्या वाटेत त्याला गर्दीत आपली बायको दिसली. बायनाबाई पदर तोंडाला लावून इस्तारीकडे बघत रडत होती. नवऱ्याकडे तिचं लक्ष पेटीमुळे उशिरा गेलं.

घरी आल्यावर कळलं, की आपल्याला एक मुलगी झाली होती. श्रावणात झाली, भादव्यात तापानं गेली. रामाजीला तिच्या होण्याचाही पत्ता नव्हता आणि जाण्याचाही. तो खाटेवर बसला आणि त्यानं एकच विचारलं, "मले कळवलं काऊन नाई?" बायनाबाई उठली आणि पाणी आणायला गेली. पुढं प्रफुल झाला, दोन मुली झाल्या, त्यांची लग्नं झाली, नातवंडं आली. तो प्रश्न मात्र त्या खाटेवर तसाच पडून राहिला आणि दोघांनी पुन्हा कधी त्याला हात लावला नाही.

आता यात इस्तारीचा काय दोष, असं कोणी शहाणा विचारील. काहीच नाही. पण सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर पहिल्या रांगेत इस्तारीला खुर्ची आणि रामाजीला मागच्या रांगेतला बाक, हे दरवर्षी बघावं लागलं म्हणजे दोष आपोआप सापडतो. "पकडल्या गेला त्याले खुर्ची," रामाजी बायकोजवळ कुरकुरायचा, "न् ज्यानं नव्वद नव्वद मानसं धरून ठेवले त्याले बाक!" बायनाबाई तांदूळ निवडत राहायची. नवा तांदूळ निघाला की ती त्यातली एक पायली पाळीवर इस्तारीच्या घरी न चुकता पाठवायची, आणि तो तांदूळ वर्षभर रामाजीच्या छातीत शिजत राहायचा.

एवढं सगळं मुरलेलं असताना यंदाच्या उन्हाळ्यात रिना गावी आली.

रिना म्हणजे प्रफुलची मुलगी, रामाजीची लाडकी नात. चंद्रपूरला वकिली शिकते. घरातलं काळा कोट घालणारं पहिलं माणूस ती होणार, म्हणून रामाजी आतापासूनच गावात छाती काढून फिरे. पोरीनं आल्या आल्या पिशवीतून एक जाड वही काढली आणि म्हणाली, "आबाजी, कॉलेजात मले प्रोजेक्ट आहे. लढाईत पकडल्या गेलेल्या कैद्यांचे हक्क. जिनिव्हा करार. ज्यानं ते सोता पाह्यलं असं मानूस पाहिजे. कॉलेजात कार्यक्रमाले बी आनाचं हाय त्याले, स्टेजवर."

रामाजी सावरून बसला. त्यानं टोपी सुद्धा सारखी केली.

"मंग मी उद्यापासून इस्तारी आबाजीकडे जात जाईन," रिना म्हणाली.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. त्या रात्री रामाजी जेवला नाही. पित्त आहे म्हणाला.

पहिला दिवस त्यानं कसाबसा काढला. दुसऱ्या दिवशी बैल हुडकायला म्हणून तो पाळीवर गेला. त्याच्याकडे बैल नसून चार वर्षं झाली होती. इस्तारीच्या अंगणात मोहाच्या झाडाखाली जाळं पसरलं होतं, इस्तारी जाळ्याची फाटलेली घरं विणत बोलत होता, आणि रिना मांडीवर वही घेऊन लिहीत होती. इस्तारीची सून रोशनी चहा घेऊन आली, तिनं रामाजीला पाहिलं.

"या ना बाबाजी, बसा. चहा घ्या."

"नाई, मी बैल..." म्हणत रामाजी बसला.

इस्तारी सांगत होता, "पयले आठ-दहा दिवस लय वाईट गेले पोरी. आपन जिते हाओत हे आपल्या घरच्याइले मालूमच नाई, हेच डोक्यात राहे. मंग रेडक्रॉसवाले आले. त्याइनं एक कार्ड देलं. नाव, हुद्दा, नंबर, बापाचं नाव. तब्येत बरी हाय का, जखम हाय का, तेवढं लिहाचं. ते कार्ड गेलं न् मले वाटलं, आता आपल्याले कोनी गपचूप मारू नाई शकत. कागदावर आलो आपन."

"कलम सत्तर," रिना लिहिता लिहिता म्हणाली. "पकडल्यावर एका आठवड्याच्या आत कैद्याले ते कार्ड लिहू द्यावं लागते."

"त्याले सत्तर म्हनते का? आमी त्याले जिवाचं कार्ड म्हनो."

रिना खुदकन हसली. तिनं ते शब्द वहीत चौकटीत लिहून ठेवले. रामाजीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याला माहीत असलेलं काहीतरी त्या वहीत गेलंच पाहिजे, असं त्याला वाटलं.

"चिठ्ठ्याचं बी लिही," तो मध्येच म्हणाला. "महिन्याले दोन चिठ्ठ्या न् चार कार्ड. कमीत कमी. त्याले तिकीट नाई लागत. न् छावनीत तो करार त्याइच्या भाषेत लिहून भिंतीवर लावा लागते, सगळ्याइले दिसन असा. रेडक्रॉसवाला आला तर कैद्यासंग एकट्यात बोलते, पहारेकऱ्याले बाहेर काढून. मी उभा राह्यलो ना बाहेर!"

रिनानं मान वर केली. "आबाजी, तुमाले हे सगळं कसं मालूम?"

"कसं म्हनजे? यानं नुसतं भोगलं. चालवलं तर मीच!"

इस्तारी विणता विणता म्हणाला, "खरं हाय पोरी. त्यालेच विचार. मी तर आतमंदी होतो, मले अर्धच दिसे." हे तो खवचटपणे म्हणाला असता तर रामाजीला बरं वाटलं असतं. पण इस्तारी सरळ मनानं म्हणाला. सरळ माणसाचा हेवा करणं म्हणजे दुप्पट मेहनत.

झालं, रिनानं ठरवून टाकलं. स्टेजवर दोघांना न्यायचं, एक कैदी आणि एक पहारेकरी. रामाजीला अखेर इस्तारीच्या शेजारची खुर्ची मिळाली. मग त्यानं रिनाला छावणी सांगायला सुरुवात केली ती थांबेचना. कैदी पक्क्या बराकींत आणि पहाऱ्यावरचे जवान तंबूत राहायचे. कैद्यांचं रेशन आपल्याच जवानाइतकं असायचं, त्यात काटछाट चालायची नाही. कैद्यांनी आपल्यातला एक प्रमुख निवडायचा, तक्रार त्यानं वर करायची, आणि तक्रार केली म्हणून कोणाला शिक्षा करायची नाही. "मी सुबेदार साहेबाले विचारलं होतं," रामाजी म्हणाला, "साहेब, आपल्यासाठी असा काही कागद हाय का? साहेब हासला न् म्हने, तू पहले पकडा तो जा."

डाकेचं काम त्याच्याकडे होतं, हेही त्यानं सांगितलं. तपासून झालेल्या पत्रांचं पोतं ऑफिसातून आणायचं, बराकीसमोर कैद्यांच्या प्रमुखाकडे द्यायचं. तो नावं वाचायचा. ज्या नावाला कोणी ओ देत नसे ते तीनदा मोठ्यानं पुकारायचं, आणि मगच पत्र परत. नाव तीनदा पुकारल्याशिवाय एकही पत्र परत जात नसे. पहाऱ्यावरचा जवान तिथं उभा राहून ऐकायचा. रिनाला ही रीत फार आवडली. तिनं तिच्याखाली रेघ मारली.

एक गोष्ट मात्र रामाजीनं सांगितली नाही.

त्या बराकीत बशीर नावाचा एक कैदी होता. हात शिवणकामाचा, तोंड गोड. त्याला त्याची बायको लिहायची, आणि काय लिहायची! डाक आली आणि त्यात बशीरचं नाव नाही असं कधी झालं नाही. तो पत्र वाचायचा, घडी करून खिशात ठेवायचा, पुन्हा काढायचा. एकदा त्यानं तारेपलीकडून रामाजीला विचारलं, "जवान, तुम्हारी डाक नहीं आती?" विचारलं भल्या मनानं. पण ते रामाजीच्या वर्मी लागलं. कारण त्यानं छावणीचा पत्ता लिहून घरी दोन पोस्टकार्डं टाकली होती आणि एकाचंही उत्तर आलं नव्हतं. लग्नाला दीड वर्ष झालेलं. दिवाळीच्या रजेनंतर तोंड पाहिलेलं नव्हतं. शत्रूच्या बायका कागद भरभरून लिहितात, तिकीटसुद्धा लागत नाही त्यांना, आणि आपल्या बायकोला दोन ओळी लिहवून घ्यायला सवड नाही? ज्यांना आपण कोंडलं त्यांना कोणीतरी विचारतं, आणि तारेच्या मोकळ्या बाजूला उभं राहून आपल्याला कोणी विचारत नाही. 

त्यानंतर डाक आली तेव्हा रामाजीनं पोतं बराकीकडे नेलं नाही. तंबूत आपल्या खाटेखाली सरकवलं. एक दिवस, फक्त एक दिवस त्या बशीरनं वाट पाहावी, एवढंच त्याला हवं होतं. पण एकाचे दोन झाले. पाऊस लागला होता आणि बराकीच्या दारात नव्वद माणसं रोज वाट बघत उभी राहायची. ते बघून रामाजीला जे सुख व्हायचं ते सोडवेना. एकोणीस दिवस पोतं खाटेखाली राहिलं. मग रेडक्रॉसचा साहेब येणार म्हणून हुकूम सुटला आणि रामाजीची गाळण उडाली. बराकीकडे न्यावं तर बोभाटा होईल. पोत्याला खालून ओल लागलीच होती. त्यानं ते परस्पर ऑफिसात नेऊन टाकलं आणि कारकुनाला सांगितलं, तंबू गळत होता, पत्रं भिजली, वाळवत होतो. कारकुनानं यादी समोर ठेवून पत्रं लावली, यादीत नव्हती ती परत पाठवली. त्या खेपेला पुकारा झालाच नाही.

खाई त्याला खवखवे. पण खवखव सुद्धा जुनी झाली की सवयीची होते, आणि रामाजीला एवढ्या वर्षांत ती पित्तात वेगळी ओळखू येत नव्हती.

कार्यक्रमाला तीन दिवस राहिले होते. रिना शेवटचं काही विचारायला पाळीवर गेली, रामाजीही आता हक्कानं बरोबर. तिनं इस्तारीला विचारलं, "घरच्या चिठ्ठ्या तुमाले भेटत होत्या का?"

"भेटत होत्या. मधात दोन महिने बंद झाल्या होत्या, काऊन ते कोनी सांगतलं नाई. तवा लय वाईट वाटलं. आमच्यातला एक पोरगा भितीकडे तोंड करून पडला, तो जेवेच ना. मार खाल्ला ते मी भुललो पोरी, ते दोन महिने नाई भुललो." इस्तारीनं जाळ्याची गाठ दातानं ओढली. "बाकी आई लिहवून घे. आईले कुठी येत होतं लिहनं! बायना वहिनी तिले दर ऐतवारी गुरुजीकडे घेऊन जाये. आई रडे, तिले बोलनं सुचे नाई, तं अर्धी चिठ्ठी वहिनीच सांगे. तलाव भरला, मोहाले फुलं आले, तुमची काळी बकरी व्याली. मी ओळखो ना, हे आईचं नोय. खाली लिहून राहे, बायनाबाईचा नमस्कार."

रिना लिहीत होती. रामाजी उठला. "बैल..." एवढंच म्हणाला आणि चालू लागला.

पाळीवरून वस्तीपर्यंत वाट दहा मिनिटांची आहे. त्या दहा मिनिटांत पंचाहत्तर वर्षांचा हा म्हातारा पुन्हा बावीस वर्षांचा होऊन जळत होता. दर रविवारी! बकरी व्याल्याचं सुद्धा लिहिलं तिनं! त्याला सगळ्याचा उलगडा झाला असं वाटलं, मिरवणुकीतल्या रडण्याचा आणि दरवर्षीच्या तांदळाचाही.

बायनाबाई ओसरीवर सूप घेऊन लाखोळीची डाळ पाखडत होती. तो अंगणातूनच ओरडला, "इस्तारीले दर ऐतवारी चिठ्ठी लिहत होतीस न् मले एक नाई लिहली? पोरगी झाली ते बी नाई? मी कोन होतो मंग तुया?"

सूप थांबलं. बायनाबाईनं त्याच्याकडे बघितलं. बावन्न-त्रेपन्न वर्षांनी तो प्रश्न खाटेवरून उठून अंगणात आला होता.

"लिहली होती," ती म्हणाली.

"कवा?"

"पोरगी बारा दिवसाची होती तवा. तुमच्या कार्डावर पत्ता होता, युद्धकैदी छावनी. तोवर लाज वाटे मले, गुरुजीपुढे काय सांगाचं? नवी होती मी. त्या दिवशी इस्तारीच्या आईची लिहून झाली न् मी म्हटलं, गुरुजी, आता माया मानसाले लिहा. तिच्या चिठ्ठीवर वरतं लिहत होते, युद्धकैदी डाक. माया बी चिठ्ठीवर तसंच लिहलं. पोस्टातल्या बाबूनं पत्ता वाचला न् म्हने, कैद्याच्या छावनीत जाते ना, मंग तिकीट नाई लागत." तिनं सुपातला एक खडा वेचून टाकला. "मले काय मालूम, कैद्याची डाक अलग असते न् राखनदाराची अलग."

रामाजी जिथं होता तिथंच अंगणात उभा राहिला.

"मंग?"

"मंग काय! पोरगी गेली, त्याच्यानंतर आठ दिवसानं चिठ्ठी परत आली. वरतं शिक्का. गुरुजीनं वाचून सांगतलं, या नावाचा कैदी नाई. तिथी बसलेले सगळे हासले. बायनीनं नवऱ्याले कैदी करून टाकलं म्हने. लय दिवस हासत होते. मंग तुमी आले न् विचारलं, कळवलं काऊन नाई. तुमच्या तोंडाकडे पाह्यलं न् वाटलं, आता हे बी हासले तं मी मरून जाईन."

"भिजली होती का चिठ्ठी?" रामाजीनं विचारलं.

"हो. डाग होते पान्याचे. काऊन?"

रामाजी ओसरीच्या पायरीवर खाली बसला. श्रावणातला रविवार, मूलचं पोस्ट, छावणीतली तपासणी. त्यानं बोटं मोडून मोजली, पुन्हा मोजली. तेच पोतं. बराकीसमोर नेलं असतं तर कैद्यांचा तो प्रमुख पावसात उभा राहून यादीत नसलेलं ते नाव मोठ्यानं पुकारता. एकदा, दोनदा, तीनदा. आणि चार हातांवर बंदूक घेऊन रामाजी स्वतः उभा असता. एकोणीस दिवस रोज त्या खाटेवर झोपून तो, आपल्याला कोणी लिहीत नाही, म्हणून जळत होता.

त्यानं बायकोला सगळं सांगितलं.

"चिठ्ठी कुठी हाय ती?" त्यानं शेवटी विचारलं.

"चुलीत घातली. तवाच."

"काय होतं तिच्यात?"

बायनाबाईनं सूप पुन्हा उचललं. "पोरगी झाली. रंगानं तुमच्यावर गेली. नाव बापानं सांगावं म्हून थांबली हाओ, लवकर कळवा." डाळ पाखडत ती म्हणाली, "तवर नुसतं बाई म्हनत होतो तिले. बाईच राह्यली."

चंद्रपूरच्या कॉलेजात हॉल भरला होता. स्टेजवर दोन खुर्च्या सारख्या उंचीच्या होत्या. रामाजीनं आयुष्यभर जिच्यासाठी जीव जाळला ती खुर्ची मिळाली, तर तिच्यावर त्याला धड टेकता येईना. इस्तारी बोलला, टाळ्या पडल्या. जिवाचं कार्ड म्हणाला तेव्हा जास्तच पडल्या. आणि रामाजीला पहिल्यांदा जळजळ झाली नाही. मग रिनानं माईक आजोबांच्या हातात दिला आणि म्हणाली, "आबाजी, ते तीनदा पुकाराचं सांगा ना."

तिची वही, तिचे गुरुजन, तिचा कार्यक्रम. ती रेघ मारलेली रीत सांगून रामाजी खाली बसला असता तर त्याचा सत्कार ठरलेला होता, शाल समोर ताटात दिसत होती. पत्रं दाबल्याचं घरातल्या दोघांशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

"तीनदा पुकाराचं असा कायदा होता," रामाजी म्हणाला. "मी तो मोडला. मले घरून चिठ्ठी येत नव्हती न् कैद्याइले येत होती, ते मले पाह्यलं जाये नाई. एकोनीस दिवस त्याइची डाक मी खाटेखाली दाबून ठेवली. मंग हापिसात खोटं सांगतलं. त्या डाकेत माया बायकोची चिठ्ठी होती. माया पोरीचं नाव विचारलं होतं तिनं. माया नावाचा पुकारा झालाच नाई." त्यानं माईक दुसऱ्या हातात घेतला. "कायदा कैद्यासाठी असते असं मले वाटे. माया बी होता तो."

टाळ्या पडल्या नाहीत. कोणाला काय करावं ते सुचलं नाही. रिनानं पुढं होऊन माईक घेतला. शेवटी कोणीतरी दोघांच्या खांद्यांवर शाली घातल्या.

परतीच्या बसमध्ये दोघं म्हातारे एकाच बाकावर बसले. मूलच्या राइस मिलची धुराडी दिसू लागली तेव्हा इस्तारी खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तिकडे माया चिठ्ठ्या ज्यानं दाबल्या, त्याले मी लय शिव्या देल्या रामाजी. पन्नास वर्स देल्या. तो बी असाच असन कोनी. घरून चिठ्ठी येत नसन त्याले."

स्टँडवर उतरताना इस्तारीची पिशवी रामाजीनं आपण होऊन घेतली आणि या वेळी ती त्याला जड लागली नाही.

घरी आला तेव्हा संध्याकाळ होती. बायनाबाई चुलीपुढे होती. तिनं शालीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "सांगतलं?"

"सांगतलं. सगळ्याइपुढे."

"हासले का?"

"नाई. कोनीच नाई हासलं."

ती मान हलवून भाकर थापायला लागली. रामाजी शाल घडी करून तिच्याजवळ पाटावर बसला. तीन दिवस तो एकच विचार करत होता. बसमध्ये जाताना, स्टेजवर, येताना. बावीस वर्षांच्या त्या जवानाला चिठ्ठी मिळाली असती तर त्यानं काय कळवलं असतं, ते त्याला ठरवायचं होतं, आणि ते ठरलं होतं.

"विशाखा," तो म्हणाला.

बायनाबाईचे हात पिठात थांबले. तिनं ते नाव ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं. मग तव्यावरची भाकर करपायला लागली होती ती उलटली.

"लय दिवस लावले कळवाले," ती म्हणाली, आणि त्याच्यापुढं ताट सरकवलं.